नुसता एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र) बांधून कोल्हापूरची पंचगंगा निवळणार म्हणे!

ओढ्याकाठचा: काल इथंच एकानं लिहिलं, "पंचगंगा नासली ती शहराच्या मैल्यानं, नाल्यांवर एसटीपी बांधा, विषय संपला, शेतकऱ्याला मधी ओढू नका." कसा संपला भावा? जयंती नाला अडवशील, पण पहिल्या वळवात रानातनं जे लाल पाणी ओढ्यात उतरतं त्याला कुठला पाइप लावणार? माती, युरिया, तणनाशक, गोठ्याचं शेण, एका रात्रीत सगळं खाली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या वरच्या नद्या, त्यांच्या एकेका ओढ्याचं पाणलोट, म्हंजे जेवढ्या रानाचं पाणी त्यात उतरतं तेवढं सगळं, धरून वरनं खाली आराखडा पायजे. आत्ता महापालिकेचा प्लॅन हद्दीपाशी संपतो आन् ग्रामपंचायतीला ओढा म्हंजे उकिरडा. पाणी हद्द बघून वाहतंय व्हय?

आडसाली: 2012 ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली ती काय युरियानं? मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला म्हणून. माझा आत्तेभाऊ महिनाभर अंथरुणात होता. आधी शहराला सांगा, मग आमच्या सरीत उतरा.

मातीपरीक्षण: शहर सुटलं असं कोण म्हणतंय? पण दीड वर्षाच्या आडसाली उसाला शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, नुसत्या युरियानं भागवलं तरी एकरी आठ पोत्यांच्या आत. आमच्यात बारा टाकणारे हायत, वर पाटानं तुडुंब पाणी. जास्तीचं कुठं जातं? शिरोळची क्षारपड रानं बघून या एकदा.

आडसाली: पोती माझ्या पैशानं येतात, तुझ्या नव्हं.

पेठेतला: मूर्ती विसर्जनाचं पण बोला कुणीतरी.

ओढ्याकाठचा: दरवर्षी तेच. विषय ओढ्याचा चाललाय.

सातबारा: आराखडा ऱ्हाऊ द्या, आधी ओढा शोधा! आमच्या शेजाऱ्यानं काठाची करंजं, उंबर काढून पार पाण्यापतूर सरी सोडली, बांध कोरून कोरून एवढा बारीक केला की शेळी चालंना, आन् गेल्या पावसात माझ्या सहा सऱ्या लावणीसकट वाहून गेल्या, मोजणी आणली तर म्हणतो दगड तूच सरकवलास.

आडसाली: गाव वळखलं मी. मागल्या अंगाला ओढ्यात भराव कुणी टाकला ते पण सांग की.

सातबारा: भराव न्हवं तो! चार ट्रॉल्या मुरूम, तो पण माझ्याच हद्दीत.

आडसाली: मग पाणी माझ्या रानात का घुसतंय?

मातीपरीक्षण: झालं, पंचगंगा ऱ्हायली बाजूला. पण वरच्यानं ओढा आवळला की खालच्याचं रान धुपतं, ह्यालाच पाणलोट म्हणतात, एकट्या गट नंबराचं काम न्हवं हे. काठाला गवताचा पट्टा सोडा, उसाचं पाचट पेटवू नका, निम्मी माती तिथंच थांबंल.

आडसाली: बरं बाबा, दोन सऱ्या सोडून हत्तीगवत लावतो, म्हशीला तरी हुईल. पण त्या दोन सऱ्यांचं उसाचं बिल कोण देणार, तेवढं आराखड्यात पहिल्या पानावर लिव्हा. आन् सातबारा, मुरूम उचल आधी.