महापालिका झोनच्या नागरिक सभेत पाण्याचा प्रश्न कसा मांडायचा?

शेवटचा_नळ: पुढच्या आठवड्यात सभा आहे. आमची गल्ली लाइनच्या टोकाला, प्रेशरच नाही. काय न्यावं?

मीटर_रीडर: "पाणी येत नाही" एवढंच म्हणालात तर "उजनी धरणावरचा पंप बंद होता" ऐकून परत याल. पाणी सुटल्यावर 15 लिटरची बादली लावा, घड्याळ बघा. नळ टाकीचा नव्हे, थेट लाइनचा हवा. 5 मिनिटं लागली तर मिनिटाला 3 लिटर. गल्लीच्या तोंडाशी आणि टोकाला एकाच पाळीत मोजा. तोंडाशी जोर, टोकाला बारीक धार, म्हणजे दोष गल्लीतलाच: लाइनला लावलेल्या मोटारी, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह नाहीतर गळती.

आवक_जावक: तोंडी बोलणं हवेत जातं की ओ. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. एका अर्जात एकच मागणी. ड्रेनेज घुसडलं की कागद दोन खात्यांत फिरत बसतो. सभेचं इतिवृत्त दिलं नाही तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत 30 दिवस.

मीटर_रीडर: नवी पाइपलाइन हवी असेल तर घाई करा, आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, बजेट त्याआधीच ठरतं. व्हॉल्व्ह दुरुस्तीला बजेटची वाट बघू नका.