ऑफिसातल्या पोराला लाइव्ह कॅसिनोची वही ठेवायला शिकवू का? माझं मत, हो

तलावपाळी
आधी सगळं सांगतो, मग काय ते बोला. राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, रोज ट्रान्स हार्बर. जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ मी लाइव्ह रूलेट खेळायचो, म्हणजे ते खरं चाक असतं, समोर खरी मुलगी गोळी फिरवते आणि आपण मोबाइलवर पैसे लावतो, ते. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, त्याच आठवड्यात मी ॲप काढून टाकलं. बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमचा नियम असा की पगार झाला की २००० रुपये दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि गेमला फक्त तेच खातं. ते संपले की महिना संपला. एका स्पिनला ५० रुपये, फक्त लाल किंवा काळा, आठवड्यात दोनदा बसायचं, एका वेळी ४० स्पिन. प्रत्येक वेळी वहीत तारीख, किती घातले, किती काढले. बंद केलं तेव्हा वहीत एकूण तोटा ९२०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. मी दर रविवारी टर्फवर क्रिकेट खेळतो त्याला ह्याहून जास्त जातात. जिंकायला मी कधी बसलोच नव्हतो, हे पैसे गेले असं धरूनच चालायचो, म्हणून कधी डोकं फिरलं नाही.

आता टीममध्ये एक मुलगा आहे, २६ वर्षांचा, हातात ४२ हजार येतात, तो अजून खेळतो, टेलिग्रामवरून कुठल्यातरी बाहेरच्या साइटची लिंक येते त्याला. माझ्या वहीचं कळल्यावर म्हणाला दादा मला पण शिकव. बायको म्हणते अजिबात नाही, तू शिकवलंस की त्याला वाटेल ह्यात काहीतरी सेफ पद्धत आहे. मला वाटतं तो खेळणारच आहे, मग निदान डोळे उघडे ठेवून खेळू दे. तुमचं काय मत?

खारेगाव
तुमच्या बायकोचं बरोबर आहे. माझ्या धाकट्या दिराचं पण बजेट होतं, ३००० महिना, एक्सेलमध्ये होतं, वहीपेक्षा भारी. पहिले सात महिने पाळलं. मग एका रात्री ३००० अर्ध्या तासात गेले आणि त्याला ते परत हवे होते, बस, एवढंच झालं. पुढच्या महिन्याचे ३००० उचलले, मग क्रेडिट कार्ड, मग लोन ॲप, शेवटी माझ्या पुतणीच्या फीचे पैसे. घरात कळलं तेव्हा साडेतीन लाख गेले होते. दादा, मर्यादा घालणारा माणूस आणि ती मोडणारा माणूस एकच असतो, आणि रात्री दीड वाजता त्यातला दुसराच जागा असतो. तुम्हाला जमलं म्हणून त्या पोराला जमेल हे तुम्ही कशावरून धरता?

घणसोली सेक्टर ७
लोक उगाच घाबरवतात. पद्धत असते प्रत्येक गोष्टीला. लालवर १०० लावा, हरलात की २००, परत हरलात की ४००, कधी ना कधी लाल येणारच ना, आला की सगळं वसूल आणि वर १०० नफा. मी तीन महिने असंच खेळतोय आणि प्लसमध्ये आहे. शिवाय स्क्रीनवर मागचे सगळे आकडे दिसतात, सलग सहा काळे आले की मी लालवर जातो.

नेरूळ, गणित शिकवते
घणसोली, रागावू नका पण हे पूर्ण लिहिते, कारण माझ्याकडे येणारी अकरावी-बारावीची मुलंसुद्धा हेच बोलतात.

चाकावर ३७ घरं असतात, १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. म्हणजे लाल न येण्याची शक्यता ३७ पैकी १९. सलग सात वेळा न येण्याची शक्यता साधारण १०६ मध्ये एक. ऐकायला कमी वाटते ना? पण तुम्ही ताशी ४०-४५ स्पिन बघता, अशी रांग तुमच्यासमोर कितीदा येऊन जात असेल विचार करा. आणि १०० पासून दुप्पट करत सात वेळा हरलात तर गेले १२,७००, आठव्या वेळी लावायला लागतात १२,८०० आणि तेही का, तर १०० रुपये नफ्यासाठी. टेबलची कमाल मर्यादा त्याच्या आधीच आडवी येऊ शकते. आणि सहा काळे आले म्हणून सातव्याला लाल येतं हे तर साफ चूक, गोळीला मागचं काही आठवत नाही. १९१३ साली १८ ऑगस्टला माँटे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळं आलं, आणि लोक आता लाल येणार, आता येणार करत लालवर लावत राहिले आणि धुऊन निघाले. ते मागचे आकडे स्क्रीनवर दाखवतात ते मदत म्हणून नाही, तुमच्यासारख्याला काहीतरी दिसल्यासारखं वाटावं म्हणून दाखवतात.

तुम्ही प्लसमध्ये आहात हे मी खरं मानते. लाल-काळ्यावर सारखेच पैसे लावून १०० स्पिन खेळणाऱ्या १०० लोकांत साधारण ३६ जण पुढे असतात. व्हॉट्सॲपवर फिरतात ते स्क्रीनशॉट त्यांचे. १००० स्पिननंतर १९ उरतात. १०,००० स्पिननंतर हजारात तीन. तीन महिन्यांत तुम्ही ह्यात कुठे आलात ते बघा. आणि दुप्पट करणाऱ्याचं तर ह्याहून फसवं, त्याचा नफा थेंबथेंब येतो आणि तोटा एकदम येतो.

आता तलावपाळी. तुमची वही खरी आहे, मी पडताळून पाहिली. आठवड्याला ८० स्पिन, साठेक आठवडे, म्हणजे ४८०० स्पिन, प्रत्येकी ५० प्रमाणे तुम्ही एकूण २ लाख ४० हजार लावलेत. एका शून्याच्या चाकावर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. हिशोबाने साधारण ६५०० जायला हवे होते, तुमचे ९२०० गेले, नशीब थोडं वाईट, बाकी सगळं जुळतं. पण तुम्हाला वाटतंय २००० च्या मर्यादेने वाचवलं, तसं नाही. तुम्हाला वाचवलं ते ५० रुपयांनी आणि ४० स्पिननी. कॅसिनोचा वाटा तुम्ही खात्यात किती घातले त्यावर नसतो, तेच पैसे किती वेळा फिरवले त्यावर असतो. २००० घालून, जिंकलेले परत लावत लावत माणूस एका रात्रीत वीस हजार फिरवतो आणि वहीत लिहितो २०००.

वागळे इस्टेट
मॅडमचा हा मुद्दा वाचून मला वडील आठवले. ते वागळेला कंपनीत होते आणि मटका खेळायचे, कल्याणजी भगत आणि रतन खत्रीच्या नावाने चालायचा तो काळ. शून्य ते नऊ ह्यातला एक सिंगल आकडा, लागला तर एकाला नऊ. म्हणजे शंभरातले दहा मटकेवाल्याचे, रूलेटपेक्षा किती वाईट बघा. पण ओपन आणि क्लोज, दिवसातून दोनच वेळा. १०० ओपनला, १०० क्लोजला, सरासरी २० रुपये गेले की दिवस संपला, आकडा लागायची वाट बघत माणूस कामावर जायचा. आता हेच १०० रुपये प्रत्येक स्पिनला, ताशी ४५ स्पिन, दोन तास, ९००० फिरले, गेले २४३. कमी वाटा घेणारा खेळच जास्त ओरबाडतो कारण तो थांबतच नाही, रात्री तीनला पण ती मुलगी हसून हॅलो म्हणतेच आहे. आमच्या आईला निदान टपरीवर जाऊन वडिलांना ओढून आणता यायचं. आता तो बाजूच्या उशीवर पडून खेळतोय आणि बायकोला वाटतं रील बघतोय.

वाशी मार्केट
मी कांदा-बटाट्यात आहे, ३० वर्षं. लोक म्हणतात तुमचा धंदा पण सट्टाच, तर तसं नाय. भाव पडला तर माझ्याकडे कांदा तरी उरतो, गाळ्यावर बसून विकता येतो, पुढच्या हप्त्यात भाव सुधारतो कधी कधी. ह्यात हातात काय उरतं? पण तलावपाळीच्या एका गोष्टीला मी मान देईन, वही. आमच्याकडे जी पोरं बुडाली ती सगळी तोंडी हिशोबवाली. लिहिलेलं खोटं बोलत नाय. शिकवा त्याला.

कामोठे
तुम्ही सगळे हरण्याबद्दल बोलताय, मी जिंकण्याबद्दल सांगतो. बाहेरच्या साइटवर मी १८,००० जिंकलो, विड्रॉ टाकला, खुश. पैसे आले तीन वेगवेगळ्या अनोळखी माणसांच्या खात्यांतून. दहा दिवसांनी माझं पगाराचं खातं फ्रीझ. कारण त्या तिघांपैकी एका खात्यात कुणाचीतरी फसवणूक करून काढलेले पैसे आले होते, त्या माणसाने १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, आणि पैशाचा माग काढत काढत दुसऱ्या राज्यातले सायबर पोलिस माझ्यापर्यंत आले. बँक म्हणते आम्ही काही करू शकत नाही, त्या पोलिस स्टेशनशी बोला. दोन महिने पगार अडकला, होम लोनचा हप्ता बाऊन्स झाला, आईच्या गोळ्यांना मेव्हण्याकडून पैसे घेतले. नवीन कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, हे मला माहीत होतं, म्हणून मी बिनधास्त होतो. पण खातं अडकायला शिक्षा लागतच नाही. तेव्हा तलावपाळी, तुमची वही ह्या साइटवर चालणारच नाही. त्यात तोट्याचा रकाना आहे, जिंकलेले पैसेच अंगावर येतील ह्याचा रकाना कुठे आहे?

घणसोली सेक्टर ७
मॅडम, दुप्पटचं पटलं थोडं. पण माझ्या साइटने ५००० बोनस दिलाय, तो तर फुकटचा आहे, त्यावर खेळायला काय हरकत?

नेरूळ, गणित शिकवते
त्याच्या अटी उघडून वाचा. किती पट फिरवायला सांगितलंय?

घणसोली सेक्टर ७
३० पट. आणि लिहिलंय लाइव्ह टेबलचं १० टक्केच धरणार.

नेरूळ, गणित शिकवते
५००० चे ३० पट दीड लाख. लाइव्हचं १० टक्केच धरणार म्हणजे प्रत्यक्षात १५ लाख फिरवायचे. त्यावर २.७ टक्के म्हणजे ४०,५०० रुपये. पाच हजार मिळवायला सरासरी साडेचाळीस हजार घालवायचे. फुकट नाही हो ते.

तलावपाळी
दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मॅडमचं वाचून वही परत काढली. खारेगाव ताई, तुम्हाला उत्तर द्यायचं म्हणून प्रत्येक महिना मोजला. मी इथे लिहिलं की २००० च्या वर कधी गेलो नाही अशा थाटात, ते चुकीचं होतं. तीन महिने गेलोय. एकदा ३५००, एकदा २८००, आणि गणपतीच्या महिन्यात ४०००, तेव्हा गावाला होतो, रात्री झोप येत नव्हती. वहीत लिहिलेलं आहे, मीच विसरलो होतो. त्या तिन्ही वेळा बायकोला सांगितलं नव्हतं हेही आत्ता लिहितो, काल तिला सांगितलं.

पण मी पोराला भेटलो. काल संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरल्यावर तलावपाळीवर, तळ्याकाठी बसलो दोघं. शिकवायच्या आधी म्हटलं बँकेचं स्टेटमेंट काढ, पाच महिन्यांचं. त्याला विचारलं अंदाजे किती गेले असतील, तो म्हणाला दहा-पंधरा हजार. एकेक एन्ट्री मोबाइलवर बघून कागदावर बेरीज केली, तासभर लागला कारण प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच नावाला गेलेले. घातले २,१६,५००. आले १,४८,०००. फरक ६८,५००. तो जिंकून काढलेले पैसे कमाई म्हणून लक्षात ठेवत होता आणि घातलेले लक्षातच ठेवत नव्हता. मग स्पिनला किती लावतोस विचारलं, २००, रोज दोन तास. मॅडमच्या पद्धतीने गुणाकार केला तर रोजचे ४८६, महिन्याला साडेचौदा हजार, पगाराचा तिसरा हिस्सा. स्टेटमेंटचा आकडा जवळपास तिथेच येतो. तो बराच वेळ पाण्याकडे बघत बसला, काही बोलला नाही.

मी अजूनही म्हणतो वही हवी. पण खेळायला नको, आतापर्यंतचं लिहून काढायला हवी. कामोठेचा अनुभव पण सांगितला, त्यावर त्याने पगाराचं खातं तिथून काढून टाकलं, माझ्यासमोर. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये कमी करून घेतली.

खारेगाव
तुम्ही वही उघडून खरं लिहिलंत, बरं वाटलं. पण मर्यादा कमी केली ती त्यानेच ना, मग रात्री वाढवणारा पण तोच. आमच्या दिराने तीनदा ॲप काढलं होतं. आमच्याकडे फरक कधी पडला, जेव्हा पगाराचं खातं जाऊबाईच्या नावासोबत जॉइंट केलं आणि तो १४४१६ ला, टेलि मानसला बोलला, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिल्यांदा फोन मी लावून दिला, तो बोलायला तयार नव्हता. त्या पोराच्या घरी कोण असतं? आईला माहीत आहे का?

वाशी मार्केट
ताईंचं खरंय. आणि दोन लाख घातले त्याने, उधारी किती आहे ते पण विचारा, पगारातून एवढे निघत नाय.

तलावपाळी
उधारीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आईला माहीत नाही, दोघंच राहतात दिव्याला. उद्या सकाळी प्लॅटफॉर्म १० वर भेटणार आहे, ऑफिसला जायच्या आधी दोन्ही विचारतो.