सॉफ्ट-कोअर द्रव: सगळे कण एका ढिगात काहून जातात?

बर्डीवाला (प्रश्न)
नागपुरात एमएस्सीचा प्रकल्प, गॉसियन कोअर मॉडेल (एकमेकांत शिरू शकणारे मऊ कण) लॅम्प्समध्ये, म्हणजे कणांचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. एलजे एकके (लांबी सिग्मात, ऊर्जा एप्सिलॉनमध्ये), ४००० कण, घनता १, तापमान १, कटऑफ (त्यापलीकडचं बल धरत नाही) ४ सिग्मा. पेअर स्टाइल (कणजोडीच्या ऊर्जेचं सूत्र) 'गॉस', ए आणि बी दोन्ही १. पोटेन्शियल तर प्रतिकर्षी आहे, तरी कण एका ढिगात जमतात आणि ऊर्जा खाली जातच राहते. टाइमस्टेप (गणनेतलं वेळेचं पाऊल) ०.००१ केला, तरी तेच. सूत्रातल्या अंतराचा घातांक २ ऐवजी ४ घेऊन ऊर्जा-बलाचं टेबल दिलं तर तिथंही झुबके, आणि 'अंतर टेबलच्या आतल्या कटऑफपेक्षा कमी' म्हणून रन बंद. टेबल ०.१ पासून सुरू होतं.

महालकर
टाइमस्टेपला सोडा भाऊ, चिन्ह पाहा. लॅम्प्सच्या 'गॉस'चं सूत्र आधीच उणे चिन्हानं सुरू होतं: उणे ए गुणिले एक्स्प(उणे बी आर वर्ग). ए धन दिला की आकर्षण. ए = −१ करा.

ढीग थांबत नाही कारण गाभा कठीण नाही. सगळे कण एका बिंदूवर आले तर कणामागे ऊर्जा −(एन−१)/२ (एन म्हणजे कणसंख्या), म्हणजे तुमच्या ४००० कणांना जवळजवळ −२००० एप्सिलॉन. कण वाढवा, खड्डा आणखी खोल. अशा प्रणालीला थर्मोडायनॅमिक मर्यादाच नसते, म्हणजे कण वाढवत नेले तरी कणामागची ऊर्जा कुठं स्थिरावत नाही.

दुरुस्तीनंतर एक तपासणी कराच. सरासरी-क्षेत्रानुसार (कण एकमेकांना टाळत नाहीत असं धरून) कणामागे स्थितिज ऊर्जा = घनता गुणिले पायचा दीडवा घात भागिले २, म्हणजे इथं २.७८४. मोजलेली सरासरी याच्या किंचित खालीच यायला हवी. वर आली तर इनपुट पुन्हा वाचा.

धंतोलीचा
कटऑफ ४ ठेवलात ते बरं केलं. बरेच जण ३ वर थांबतात. तापमान १ ला ते खपतं, पण हे मॉडेल गोठतं ते फार थंडीत: वितळणबिंदूची कमाल ०.००९ च्या आसपास, घनता ०.२४ जवळ, आणि त्यापुढे दाबलं की पुन्हा वितळतं. घनता १ ला ३ सिग्मापलीकडची शेपटी कणामागे ०.००१२ एप्सिलॉन, तापमान ०.००५ असेल तर केटीचा (औष्णिक ऊर्जेचा) जवळपास पाव हिस्सा!

महालकर
आता घातांक ४. चिन्ह बरोबर आणि तापमानाच्या मानानं घनता पुरेशी असेल तर झुबके खरे असू शकतात, मग ते घालवायच्या मागे लागू नका. २ पेक्षा मोठ्या घातांकाला पोटेन्शियलचं फूरिये रूपांतर (तरंगांत मोडून केलेली मांडणी) काही तरंगसंख्यांवर ऋण होतं. पुरेशा घनतेला एका जागी अनेक कण बसलेला स्फटिक बनतो. ओळखायची खूण: घनता वाढवली तरी झुबक्यांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहतं, फक्त दर झुबक्यातले कण वाढतात. चिन्ह चुकलेल्या ढिगात असं काही नसतं, शेवटी एकच गोळा.

टेबल ०.१ पासून चालणारच नाही, झुबक्यात कण त्याहून जवळ येतात. ०.०००००१ पासून घ्या, २ सिग्मापर्यंत पुरे; तिथं किंमत आधीच एक कोटीत एक एवढी उरते. बलाचा स्तंभ ४ आर घन गुणिले एक्स्प(उणे आर चतुर्थ घात), धन चिन्हासह. बलात उणे टाकलंत की पुन्हा तोच ढीग.