अपघातातल्या मुलाला दवाखान्यात नेलं, आता पोलीस बोलावतील का?

प्रश्न: काल संध्याकाळी खंबाटकी घाट उतरल्यावर दुचाकी घसरलेली दिसली. मुलगा विशीतला, मांडीतून भळाभळा रक्त. दहा-बारा जण नुसते बघत उभे. मी ओढणीची घडी करून जखमेवर दाबून धरली, एका टेम्पोवाल्या दादांनी त्याला मागे झोपवलं. दवाखान्यात आधी माझंच नाव, नंबर मागितला. घाबरून दिला. घरचे म्हणतात, आता कोर्टाच्या चकरा. खरं का?

उत्तर: ताई, निर्धास्त राहा. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, ते तुमच्यासारख्यांसाठीच. २०२०च्या नियमांनुसार नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, तेही तुमच्याच मर्जीवर.

उत्तर: जखम दाबून धरलीत, फार बरं केलंत. मात्र मानेला किंवा पाठीला मार वाटला तर शक्यतो हलवू नका. १०८ला फोन करा आणि जवळ थांबा.

प्रश्न विचारणारी: हे माहीत नव्हतं. मघाशी त्याच्या आईचा फोन आला होता, शुद्धीवर आहे. बोलता बोलता दोघीही रडलो. त्या टेम्पोवाल्या दादांना कसं कळवू? नंबरच घेतला नाही.