घरबांधणीतला उरलेला माल दुकानात परत कसा करायचा?

मिरजवाला: विश्रामबागेत घराचं काम संपलं. उरलंय ते असं: २ बाय २ टाइल्सचे ७ बॉक्स, वायरचं एक सीलबंद बंडल, एक अर्धं, पिशवीभर सीपीव्हीसी एल्बो-टी (प्लास्टिक पाइपांचे जोड), रंगाचे दोन डबे, सिमेंटची ४ पोती. बिलं पक्की आहेत, पण खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय. यातलं काय परत जाईल?

पाना-पक्कड: टाइल्स आधी न्या. बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर बिलाशी जुळवा; पुढच्या बॅचचा रंग किंचित वेगळा निघतो, म्हणून दुकानदार नंबर बघूनच घेतो. सातही देऊ नका, दोन ठेवा. बॉक्समध्ये चारच टाइल्स असतात, आणि उद्या पाइप फुटून फरशी उकरली तर ती टाइल बाजारात मिळेलच असं नाही.
वायरचं ९० मीटरचं सीलबंद बंडल जाईल. कापलेलं कोणी घेत नाही. एल्बो-टीसारख्या फिटिंग्जला सोल्व्हेंट (चिकटवायचा द्रव) लागला नसेल आणि ब्रँडचा शिक्का दिसत असेल तर मोजून घेतात. रंग मशीनवर शेड करून आणला असेल तर विसरा, फक्त सीलबंद बेस, म्हणजे शेड न मिसळलेला मूळ डबा, चालतो.
सिमेंट? शेजारी कोणाचं काम चालू असेल तर आजच देऊन टाका. पावसाळी हवेत पोत्यात गाठी धरतात.

ग्राहकमित्र सांगली: त्या छापील ओळीबद्दल. माल चांगला आहे, फक्त नको झालाय, तर परत घेण्याची दुकानदारावर सक्ती नाही; तिथं गोडीनंच. सदोष मालाला मात्र ती ओळ लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देणं नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार.

मिरजवाला: पैसे रोख मिळतील की दुसरा माल घ्यावा लागेल?

पाना-पक्कड: बहुतेक ठिकाणी दुसरा माल घ्या म्हणतात. ठरलं तर क्रेडिट नोट, म्हणजे परत दिलेल्या मालाची रक्कम तुमच्या नावे जमा असल्याची पावती, लिहून घ्या, जीएसटीसकट रकमेची. नुसता तोंडी हिशेब नको. टेम्पोभाडं तुमच्याच माथी, तेव्हा सगळं एकाच फेरीत न्या. आणि पुढच्या खरेदीला ऑर्डर देतानाच बिलावर 'सीलबंद माल १५ दिवसांत परत' असं हातानं लिहून सही घ्या. तेव्हा गिऱ्हाईक हवं असतं, नाही म्हणत नाहीत.