प्रोबॅबिलिटी म्हणजे संभाव्यता, मग लाइकलीहूड म्हणजे काय?

गोदाकाठ (नांदेड)
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. पेपर इंग्रजीत असतो, पण वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, त्यामुळे समजावणं मराठीतच. प्रोबॅबिलिटीला संभाव्यता म्हणतात हे त्यांना दहावीच्या बीजगणितापासून ठाऊक आहे. यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, निष्पत्ती हे शब्दही तोंडात बसलेले. द्विपद वितरण, प्वासाँ वितरण, सगळं सुरळीत पार पडतं. घोडं अडतं ते आकलनाच्या प्रकरणात, म्हणजे एस्टिमेशनला, नमुन्यावरून माहीत नसलेलं प्रमाण काढायचं असतं तिथे. तिथे लाइकलीहूड येतं. साध्या शब्दकोशात त्याच्यापुढेही शक्यता, संभाव्यता असंच सापडतं. मी फळ्यावर तसं लिहिलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, हे तर मागच्या सेमिस्टरला झालं की." तुम्ही काय म्हणता?

वापसा (परभणी)
शक्यता म्हणा अन् मोकळ्या व्हा.

काळी माती (लातूर)
शक्यता नकोच. जूनमध्ये सगळा जिल्हा "पावसाची शक्यता" ऐकतच पेरणीची वाट बघायलेला असतो. ती शक्यता म्हणजे पुढे काय होईल ते, अर्थात संभाव्यताच. लाइकलीहूड नेमकं उलट्या बाजूनं चालतं. जाता जाता एक सांगतो. हवामान खातं "तुरळक ठिकाणी" म्हणतं ना, त्याला आकडा ठरलेला आहे: विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस. तुमच्या गावात पडायचा संभव २५ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. हे दोन्ही एकच समजणारे कॉलेजात पण भेटतात.

तिफण (जालना)
'उलट्या बाजूनं' हे बरोबर आहे, पण पोरांना ते आकड्यात दाखवावं लागतं. मी सोयाबीनचं उदाहरण घेतो. गोणपाटात दाणे गुंडाळून उगवण तपासणं त्यांनी घरी पाहिलेलं असतं, आणि ७० टक्के उगवण म्हणजे बियाणं चालतं हेही त्यांना माहीत असतं.

पहिला प्रश्न: उगवण ७० टक्केच आहे असं धरलं, तर १० दाण्यांतले बरोबर ७ उगवायची संभाव्यता किती? द्विपद सूत्रात घाला, ०.२६६८ येते. इथं ७० टक्के पक्कं आहे, आणि किती उगवतील ते बदलतं. शून्यापासून दहापर्यंतच्या अकराही संभाव्यता मिळवल्या की बेरीज १.

आता गोणपाट उघडलं. ७ दाणे उगवलेले दिसले. हे झालेलं आहे, आता ते बदलत नाही. माहीत नाही ते पोत्यातल्या बियाण्याचं खरं प्रमाण. मग विचारायचं: प्रमाण ५० टक्के असतं तर हेच ७ दिसायला किती वाव होता? ०.११७२. ७० टक्के असतं तर? तेच ०.२६६८. ९० टक्के असतं तर? ०.०५७४. सूत्र तेच, आकडेही त्याच सूत्राचे, पण आता ७ स्थिर आहे आणि प्रमाण हलतंय. या दुसऱ्या वाचनाला लाइकलीहूड म्हणायचं.

तीन आकड्यांची बेरीज करून दाखवा, १ येत नाही. एखादं हुशार पोरगं म्हणतं की तीनच प्रमाणं घेतली म्हणून. मग ० ते १ पर्यंतची सगळी प्रमाणं घेऊन वक्राखालचं क्षेत्रफळ काढायला लावा. एक-अकरांश येतं. म्हणजे ही प्रमाणांची संभाव्यता नाहीच. यातल्या आकड्याला एकट्याने अर्थ नाही, तुलनेत आहे: ७० टक्के हे ५० टक्क्यांपेक्षा सव्वादोन पटींनी जास्त जुळतं, ९० टक्क्यांपेक्षा साडेचार पटींहून जास्त. वक्राचा माथा ०.७ वर. झालं, मॅक्सिमम लाइकलीहूडचा अंदाज हातात आला.

आणि पोरांना हेही सांगा की इंग्रजी बोलणाऱ्यांनासुद्धा हा फरक मुळात नव्हता. रोजच्या इंग्रजीत दोन्ही शब्द एकाच अर्थाचे. १९२१-२२ च्या सुमारास इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ते आपल्या लेखांत मुद्दाम वेगळे केले. तेव्हा आपला शब्दकोश दोन्हींना एकच प्रतिशब्द देतो यात त्याची काही चूक नाही.

वापसा (परभणी)
उदाहरण झकास. पण शब्द कुठंय सर?

शेंदूरवादा
हिंदीत प्रोबॅबिलिटीला प्रायिकता आणि लाइकलीहूडला संभाविता म्हणतात. यूट्यूबवर हिंदी लेक्चर बघणारी मुलं हल्ली प्रायिकता लिहायलीत. तोच जोड घेतला तर?

काळी माती (लातूर)
प्रायिकता मराठी कानाला 'प्रायः' ऐकू येते, म्हणजे बहुधा. मग ०.०२ ची प्रायिकता म्हणजे काय म्हणायचं? दहावीच्या पुस्तकानं संभाव्यता रुजवलीय, ती कशाला उपटायची.

बालाघाट (बीड)
संभाविताला माझा तर जोरदार विरोध. मराठीत संभावित म्हणजे प्रतिष्ठित, सभ्य माणूस. "संभावितपणाचा आव आणू नकोस" हे आमच्या आजीचं ठरलेलं वाक्य होतं. त्यात संभाव्यता आणि संभाविता एका व्याख्येत शेजारी आले की घाईत वही उतरवणाऱ्याचं काय होणार? जे दोन शब्द वेगळे ठेवण्यासाठी हा खटाटोप, तेच एकमेकांत मिसळणार.

थोडं विषयांतर. गोदाकाठ ताई, एस्टिमेशनला तुम्ही आकलन म्हणालात, पुस्तकांतही तसं असतं, पण ते मला खटकतं. मराठीत आकलन म्हणजे समजणं. आपल्याकडे अंदाज हा शब्द सरकारी कागदावरही चालतो की. खरिपाचं पीक रुपयाला किती पैसे आलं ते सांगणारी नजर अंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर येते, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाचं पुढचं वर्ष ठरतं. पीक कापणी प्रयोगातल्या नमुना निवडीचं शास्त्र पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांसारख्या आपल्याच माणसांनी उभं केलं. एवढा रुळलेला शब्द असताना एस्टिमेटरला आकलक, आगणक कशाला? अंदाज, अंदाजसूत्र, अंदाजातली चूक, सगळं नीट बसतं.

तिफण (जालना)
अंदाजाला माझं अनुमोदन. लाइकलीहूडला मी वर्गात 'जुळणी' म्हणतो, दिसलेल्या आकड्यांशी कोणतं प्रमाण किती जुळतं ते. पण पुढे फिटिंग शिकवताना वक्राच्या जुळणीलाही तोच शब्द लागतो, म्हणून व्याख्येत लिहीत नाही. अनुमेयता असंही कोणी सुचवतं. त्याला अनुमानाचा वास येतो, आणि अनुमान (इन्फरन्स) हे तर ज्यात हे प्रकरण येतं त्या सगळ्या भागाचंच नाव आहे.

शेंदूरवादा
म्हणजे लाइकलीहूडच ठेवायचं?

तिफण (जालना)
हो. सेमिस्टर, मार्कशीट, पेपर चालतात, तर हेही चालेल. नवा शब्द घडवला तर पोरांना एक पाठांतर जास्त, आणि परीक्षेत मूळ शब्द लागतोच. त्यातला अर्थ मात्र मराठीत फोडून सांगायचा, त्याला आळस करू नये.

गोदाकाठ (नांदेड)
पटलं. लाइकलीहूड तसंच ठेवते, सोयाबीन उचलते, आकलनाच्या जागी अंदाज लिहिते. आता राहिला मॅक्सिमम. महत्तम की कमाल?

वापसा (परभणी)
कमाल. पेपरात रोज कमाल-किमान तापमान वाचतो आपण. मे महिन्यात तर आधी तोच रकाना.

गोदाकाठ (नांदेड)
कमालच बरं. महत्तम म्हटलं की मुलांना मसावि आठवतो आणि ती अवयव पाडायला बसतात.