रंकाळ्याकाठचे मौन: साधना की केवळ विश्रांती?

प्रश्न:
गेले दोन महिने मी रोज पहाटे रंकाळ्याच्या काठी अर्धा तास कोणाशीही न बोलता बसते. तोंड बंद असते, पण मन मात्र जाऊबाईंशी झालेल्या वादाची उजळणी करत राहते. अशा मौनाला आध्यात्मिक मोल आहे, की ती केवळ विश्रांती समजावी?

पहिला प्रतिसाद:
ताई, गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर, वाङ्मय (म्हणजे वाणीचे) आणि मानस असे तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मौन वाणीच्या तपात असेल असे वाटते. प्रत्यक्षात १६व्या श्लोकात ते मनाची प्रसन्नता आणि सौम्यत्व यांच्या जोडीने मानस तपात येते, आणि वाणीच्या वाट्याला येते ते कोणाला न दुखावणारे, सत्य, प्रिय व हितकर बोलणे. त्यामुळे आतला गलबला ऐकू येऊ लागला ही तुमची उणीव नव्हे. तो एरवीही चालूच असतो, फक्त आपल्या बोलण्याखाली झाकलेला असतो. वाद आठवला की मनात त्याला उत्तर रचू नका, एवढेच मी सुचवीन.

दुसरा प्रतिसाद:
आम्हा जैनांच्या सामायिकाची, म्हणजे समभावाने शांत बसण्याच्या साधनेची, मुदत दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे असते. माझी पहिली वीस मिनिटे खळबळीतच जातात. अर्ध्या तासाला उठण्याची घाई करू नये.

तिसरा प्रतिसाद:
मला थोडे वेगळे सांगायचे आहे. वडिलांशी धरलेल्या अबोल्याला मी बरेच दिवस मौन म्हणत होतो, आणि त्या शांततेत माझा राग फक्त मुरत गेला. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला मौनी महाराजांच्या समाधीपाशी बसलो असताना मला हा फरक प्रथम जाणवला. दक्षिणेच्या मोहिमेपूर्वी शिवाजी महाराज ज्यांच्या दर्शनाला गेले होते, त्या सत्पुरुषाचे मौन माणसांकडे पाठ फिरवणारे नव्हते. माणसे तर त्यांच्याकडे येत होती. अबोल्यात समोरच्याला दार बंद असते. ताई, तुमचे दार उघडे आहे का, हे आधी पाहावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
आपणा सर्वांची मी आभारी आहे. जाऊबाईंशी मी आठवडाभर बोललेले नाही, हे तिसरा प्रतिसाद वाचताना लक्षात आले. आज संध्याकाळी त्यांना फोन करते, आणि उद्या पहाटे दोन घटका बसून पाहते.